गळा मऊ, बूड कडक

मी अमेरिकेत कुठे नोकरी करते हे नागपूरच्या नातेवाइकांना सांगायची वेळ आली, की माझे यजमान घाईघाईने मध्ये बोलत, "हार्डवेअरच्या दुकानात." ते स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते जोडीचं वाटायचं आणि विषय तिथेच संपायचा. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या महाराष्ट्र मंडळात मात्र लपवालपवी चालली नाही. गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका तरुण मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, "वसुधाकाकू, तुम्ही गोळ्या विकता म्हणे?" मी म्हटलं, "हो, पण होमिओपॅथीच्या नाही."

आमचं दुकान गावाबाहेर, मक्याच्या शेताला लागून होतं. मालक डेल, साठीचा, बोलायला कमी आणि चहा प्यायला जास्त. दुकानात बंदूक एकही नव्हती. आमचं गिऱ्हाईक म्हणजे आपली काडतुसं घरी स्वतः भरणारी माणसं. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर संपतो, पण पुंगळी शिल्लक राहते. ती साफ करून, मापात आणून पुन्हा भरता येते. याला रीलोडिंग म्हणतात. काहीजण बचत म्हणून करतात, काहीजण नेम अचूक लागावा म्हणून, आणि बरेचसे, माझ्या मते, हिवाळ्यात गॅरेजमध्ये एकटं बसता यावं म्हणून.

मी तिथे पोहोचले ती पितळेमुळे. लग्नाआधी पुण्यात पितळी पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. अमेरिकेत आल्यावर डिपेंडंट व्हिसावर बरीच वर्षं घरी बसले. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा संध्याकाळच्या कॉलेजात धातूंविषयीचा एक छोटा कोर्स शिकवायला लागले. डेल त्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. कोर्स संपल्यावर म्हणाला, "माझ्या काउंटरवर रोज लोक पितळेबद्दल विचारतात आणि मी रोज अंदाजाने उत्तर देतो. मला त्याची भीती वाटायला लागली आहे." अशी नोकरी मिळाली.

लोक विचारायचे ते बहुतेक अनीलिंगबद्दल. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी भांडी घडताना पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. तांबट हातोडी मारत जातो तसा पत्रा कडक होतो, आणि मध्येच तो भांडं भट्टीत धरून पुन्हा मऊ करून घेतो. नाहीतर पत्रा तडकतो. पुंगळीचंही तसंच. दर वेळी भरताना तिचा गळा दाबून मापात आणावा लागतो, मग तो कडक होत जातो आणि एक दिवस चिरतो. म्हणून फक्त गळा आणि त्याखालचा खांदा काही सेकंद ज्योतीत धरून मऊ करायचा. फक्त तेवढाच. बूड कडकच राहायला हवं, कारण बार उडताना सगळा दाब तिथे येतो. बूड मऊ पडलं तर तो तापलेला वायू मागे फुटतो, आणि मागे माणसाचा चेहरा असतो.

आता पितळेतून उष्णता फार भरभर पळते, तेव्हा सगळा खेळ त्या काही सेकंदांचा. आमच्याकडे एक दंतवैद्य यायचे. अतिशय हुशार आणि हसतमुख. त्यांनी कंटाळून सगळ्या पुंगळ्या बायकोच्या ओव्हनमध्ये ठेवल्या आणि ओव्हन स्वतःला जाळून साफ करतो ते बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकाने दाखवायला घेऊन आले. मी त्यांच्यादेखत एक पुंगळी पकडीत धरून बुडाशी चेपली. ती लाडू चेपावा तशी चेपली गेली. "दातासारखीच आहे की," ते म्हणाले, "वरून चकचकीत, आतून गेलेली." सगळ्या भंगारात टाकल्या. ते हसत गेले, पण मी त्या दिवशी नीट जेवले नाही.

हाताने ज्योतीत धरण्याचा कंटाळा आला, की लोकांना मशीन हवं असतं. त्या काळात, म्हणजे दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, घरगुती अनीलिंग मशीन नुकती कुठे बाजारात दिसू लागली होती. तत्त्व सगळ्यांचं एक: फिरणारी चकती, तिच्यात पुंगळ्या उभ्या, समोर प्लंबर वापरतात तशी गॅसची निळी ज्योत, आणि पुंगळी ज्योतीसमोरून सरकली की खालच्या थाळीत पडायची. काही मशीनवर पुंगळी एकेक हाताने ठेवावी लागे. काहींना वर मोठं नरसाळं असे, त्यात ओंजळभर पुंगळ्या ओतल्या की मशीन आपणच एकेक उचलायचं. जाहिरातीत लिहिलेलं असायचं: ओता आणि विसरा.

रॉयने तसं मशीन टपालाने मागवलं होतं. आम्ही ते विकत नव्हतो.

रॉय सत्तरीला आलेला. मोटारींच्या कारखान्यात साचे बनवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. उंच, खांद्यात वाकलेला. त्याच्या हातात कुठलीही वस्तू गेली की अंगठा आपोआप तिच्या कडेवरून फिरायचा. मला तो "मिस व्ही" म्हणायचा. बायको गेल्यापासून त्याचं जग म्हणजे मुलगी शेरी, जावई माइक, आणि गॅरेजमधलं ते टेबल. शेरी शाळेत शिकवायची. वडिलांनी भरलेल्या काडतुसांशिवाय ती दुसरी वापरत नसे, हे रॉय प्रत्येक भेटीत एकदा तरी सांगायचा.

मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. आमच्यासाठी त्याचा आदला दिवस म्हणजे लक्ष्मी रोडवरची दिवाळीची खरेदी. त्या दुपारी दुकान नारिंगी जाकिटांनी भरलं होतं. रॉय गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने काउंटरवर प्रायमरची डबी आपटली.

"तुम्ही मला खराब माल दिलात."

"काय झालं?"

"सैल बसतायत. बोटाने दाबले तरी आत जातात. एक तर उलटा केल्यावर खाली पडला. हे लहान मापाचे आहेत."

मी डबीतले चार-पाच काढून मोजले. मायक्रोमीटरवर माप अगदी बरोबर होतं. त्यालाही दाखवलं. मग मी म्हटलं, "पुंगळी आणली आहे का?"

त्याने खिशातून तीन काढल्या. सुंदर चकचकीत, पॉलिश केलेल्या. मी बुडाची रुंदी मोजली. जास्त होती. पुन्हा मोजली. बूड फुगलं होतं. म्हणजे प्रायमर लहान नव्हता, त्याचं घर मोठं झालं होतं.

"किती वेळा मारल्यात या?"

"अनील केल्यावर एकदाच. काल नेमबाजीच्या रेंजवर. तेही हलकी दारू घालून, सरावासाठी."

हलक्या दारूने धड पुंगळीचं बूड फुगत नाही.

"रॉय, अनील कशावर केल्या?"

त्याने मशीनचं वर्णन केलं. नरसाळं, पट्ट्यावर फिरणारी चकती. "थंडी पडली तो पहिला दिवस होता," तो म्हणाला. "गॅरेजमध्ये हात गारठत होते. मशीन सुरू केलं आणि घरात जाऊन सूप प्यायलो. आलो तोवर सगळ्या थाळीत पडलेल्या होत्या. एकही जळलेली नव्हती. मग पॉलिश केल्या."

मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. गारठ्यात कडक झालेला रबरी पट्टा घसरत असणार. चकती थांबली नाही, पण रांगत गेली. प्रत्येक पुंगळी ज्योतीसमोर हवी त्याच्या कितीतरी पट वेळ उभी राहिली आणि उष्णता बुडापर्यंत उतरली. एरवी पितळेवर त्याचा रंग उमटतो, कुठपर्यंत आच गेली हे दिसतं. पॉलिशने ती खूणही पुसली गेली होती.

मी त्याला हे सांगितलं. त्याचा चेहरा ताठरला.

"मी आयुष्यभर मशीनवर काम केलंय, मिस व्ही. मशीन मंद चाललं असतं तर मला कळलं असतं."

"तू सूप पीत होतास," मी म्हटलं.

रांगेतला कोणीतरी हसला. मला लगेच वाईट वाटलं, कारण रॉय डबी उचलून जायला वळला होता. मी काउंटरच्या बाहेर आले, त्याच्या वाटेत उभी राहिले. भांडायची वेळ नव्हती आणि मला पटवताही येत नव्हतं. मी त्याची बाही धरून त्याला मागच्या टेबलाशी नेलं. तिथे व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, होता. एक कोरी पुंगळी त्याच्या हातात दिली. "बुडाशी पकड आणि आवळ." त्याने आवळली. पितळ हललं नाही. "आता तुझी."

त्याने स्वतःची पुंगळी लावली आणि दांडा फिरवला. अर्ध्या फेऱ्यातच त्याचा हात थांबला. त्याने काही पाहिलं नव्हतं अजून, डोळे तर मिटलेलेच होते. पण त्याच्या हाताला कळलं. त्याने दांडा सोडला.

"शेरी," तो म्हणाला.

"शेरीचं काय?"

"याच घाण्यातल्या. तिच्यासाठी हरणाच्या भरल्या. पूर्ण दारूच्या. आज सकाळी ती आणि माइक वर गेले, केबिनवर."

वर म्हणजे मोठ्या पुलापलीकडचं मिशिगन. जंगल, बर्फ, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. केबिनवर फोन नव्हता. मोबाइल त्या भागात नुसता खिशात ठेवायचा.

"ते उद्या पहाटे निघतील ना शिकारीला?" मी विचारलं.

"बंदुकीचा नेम आजच तपासून बघतील. उजेड असेपर्यंत. मीच शिकवलंय तिला तसं."

डेल दुसऱ्या खोलीतल्या फोनकडे गेला. त्या काउंटीच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, त्याने गाठलं. तिकडे बर्फ पडत होता, रस्त्यांवर गाड्या घसरत होत्या, त्यांची सगळी माणसं बाहेर होती. मोकळा होईल तो पाठवतो, म्हणाले. रॉयला केबिनजवळच्या एका दुकानाचं नाव आठवलं. मासे पकडायचं आमिष, पेट्रोल आणि पाव विकणारं दुकान. मालकीण डॉरिस. चौकशीच्या नंबरावरून मी ते शोधलं. लाइन बिझी. पुन्हा. पुन्हा बिझी. शिकारीच्या आदल्या दुपारी तिच्या दुकानातही आमच्यासारखीच गर्दी असणार.

फोन लागला तेव्हा मी एका दमात सगळं सांगितलं, आमचा नंबरही दिला.

"कोण बोलतंय?" बाई म्हणाली. "तुमचा उच्चार मला कळत नाहीये. आणि दर वर्षी आज कोणीतरी अशीच चेष्टा करतं."

मी पुन्हा सावकाश सांगितलं. शेरी. माइक. काडतुसं. मारू नका. तिने कोणाला तरी पेट्रोलचे सुटे पैसे परत दिल्याचा आवाज आला. मी रॉयकडे रिसीव्हर दिला. तो त्याने दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"डॉरिस," तो म्हणाला. "रॉय बोलतोय. तिला थांबव."

एवढंच. पण तेवढं पुरलं. मला पलीकडून ऐकू आलं, ती दुकानातल्या कोणाला तरी ओरडून म्हणाली, "गल्ल्यावर बस!" आणि फोन ठेवला गेला.

मग वाट पाहणं. ही नोकरीतली सगळ्यात लांब दुपार. दुकानात नारिंगी जाकिटं तशीच उभी होती, पण कोणी काही विकत घेईना आणि कोणी जाईना. सगळ्यांनी ऐकलं होतं. मघाशी हसलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. डेलने रॉयसाठी चहा केला, तो तसाच गार झाला. रॉय भिंतीतल्या खिडकीकडे बघत होता. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, आणि ते कलत होतं.

फोन वाजला. मी झडप घातली.

"अगं, येताना दूध आणशील?" यजमान. "आणि कोथिंबीर मिळाली तर..."

"फोन ठेव!"

"काय झालं?"

"अविनाश, फोन ठेव!" मी इतक्या जोरात ओरडले की मराठी न कळणारी सगळी माणसं दचकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, नावाने मी त्यांना पहिल्यांदाच असं हाक मारून दटावलं होतं. त्यांनी ठेवला.

पुन्हा वाजला तेव्हा मी रिसीव्हर उचलून थेट रॉयच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला. "हो," म्हणाला. "हो." मग: "कुठला डोळा?"

फोन शेरीचा होता, डॉरिसच्या दुकानातून. झालं होतं ते असं. डॉरिस बर्फातून गाडी हाकत केबिनवर पोहोचली तेव्हा माइक बंदुकीचा अडकलेला बोल्ट, म्हणजे मागची सरकती खीळ, लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून उघडायचा प्रयत्न करत होता. त्याने एकच बार काढला होता. पहिलं काडतूस त्याने घेतलं, कारण शेरी झाडाला नेमाचा कागद लावून नुकतीच परत आली होती आणि हात शेकत होती. बार मागून फुटला. गाल भाजला, आणि उजव्या डोळ्यात पितळेचे बारीक कण गेले. डोळे सांभाळायचा चष्मा गाडीत राहिला होता. त्याही अवस्थेत त्याला वाटलं, बंदूकच बिघडली. आणि शेरी म्हणत होती, थांब, माझ्या बंदुकीने बघते. काडतूस तिच्या हातात होतं. त्याच खोक्यातलं. डॉरिस गाडीतून उतरायच्या आधीच हॉर्न दाबत राहिली आणि दाबलेला हात काढलाच नाही, असं शेरीने नंतर मला सांगितलं.

माइकला तिथून डॉरिसनेच इस्पितळात नेलं. रॉयने रिसीव्हर खाली ठेवला. त्याने पुंगळ्या गोळा केल्या, खिशात टाकल्या, आणि कोणाकडे न बघता निघाला. डेल त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला, आणि मग त्याची गाडी तिथेच ठेवून स्वतःच्या गाडीने त्याला उत्तरेला घेऊन गेला. मी एकटीने दुकान सांभाळलं. एकेकजण काउंटरवर येऊन आपापल्या पुंगळ्या दाखवू लागला. "या बघा ना जरा." मी अंधार पडेपर्यंत व्हाइसवर पुंगळ्या चेपत होते.

डोळा वाचला, पण नजर धूसर झाली ती कायमची. नेम धरायचा तोच डोळा. रॉय हिवाळाभर दुकानात आला नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याने माझ्या मुलीची चौकशी केली, बर्फाबद्दल बोलला आणि फोन ठेवला. काउंटरवर बसून आपण माल देतो, सल्ला देतो. पण गिऱ्हाइकाच्या गॅरेजमध्ये ज्योत पेटते तेव्हा आपण तिथे नसतो. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण त्या हिवाळ्यात ते मनातून जाईना. हाताने पुंगळ्या ठेवायच्या साध्या मशीनचं खोकं बांधतानाही माझे हात थांबायचे.

वसंतात, रस्त्याकडेचा बर्फ वितळून चिखल झाला होता तेव्हा, एक तरुण दुकानात आला. उजव्या गालावर गुलाबी डाग.

"मी माइक," तो म्हणाला. "मला अनीलिंगचं मशीन घ्यायचंय."

मी हातातलं काम ठेवलं. "तुला?"

"मी डाव्या बाजूने नेम धरायला शिकतोय. खूप काडतुसं लागणार आहेत." त्याने आवाज खाली आणला. "रॉयने सगळं विकायला काढलंय. टेबलावर ताडपत्री टाकलीये. आमच्याकडे जेवायला येतो तेव्हा माझ्या डोळ्याकडे बघत नाही. शेरी म्हणते, बाबा असाच झिजत जाईल. म्हणून म्हटलं, मीच भरतो. मला येत नाही, म्हणजे त्याला शिकवावं लागेल."

"तो कुठे आहे?"

त्याने मानेने बाहेर खूण केली. गाडीत रॉय बसला होता, समोर बघत.

माइक नरसाळ्याच्या एका मशीनकडे बघत होता. आता आम्हीही एक ठेवलं होतं, दातेरी चाकांचं, चांगलं. ते घसरलं नसतं. पण मी त्याच्यासमोर दुसरं ठेवलं, साधं, ज्यावर प्रत्येक पुंगळी हाताने ठेवायची आणि ज्योतीसमोर फिरताना बघत बसायचं.

"हे हळू आहे," माइक म्हणाला. "संध्याकाळ जाईल यावर."

"जाऊ दे," मी म्हटलं. "तुम्ही दोघं आहात ना."

त्याने बाहेरच्या गाडीकडे पाहिलं. मग त्याला कळलं.

मी बाहेर जाऊन गाडीची काच वाजवली. रॉयने ती खाली केली. मी त्याला म्हटलं, "आत ये. तुझा जावई मशीन घेतोय आणि मला ते तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय द्यायचं नाही."

तो लगेच उठला नाही. मग दार उघडलं. आत येऊन त्याने टोपी काढली, मशीनला नुसतं रिकामं सुरू केलं, आणि फिरत्या चकतीच्या कडेवर अंगठा दाबून धरला. चकती अडखळली नाही. सोडला, पुन्हा दाबला. बराच वेळ तो ते करत राहिला.

मग तो वळला, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याने माइकच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं, त्या डोळ्यासकट.

"पुंगळ्या तू ठेव," तो म्हणाला. "ज्योतीकडे मी बघेन."